उदारमतवादी (डाव्यांच्या वापरात)

उदारमतवादी : व्यक्तिस्वातंत्र्य, कायद्याचे राज्य आणि सनदशीर सुधारणा मानणारा. साम्यवादी व समाजवादी गोटांत मात्र हा शब्द, विशेषतः ‘लिबरल’ या रूपात, हिणवण्यासाठी वापरला जातो. रोख असा की, हा माणूस अन्याय कबूल करतो, त्याविरुद्ध अर्जही लिहितो. पण मालमत्तेला हात घालायची वेळ आली की मालक व मजूर यांच्यामध्ये उभा राहून दोघांचीही समजूत घालू लागतो. ‘सुधारणावादी’ आणि ‘तडजोडवादी’ ही याच शिवीची भावंडे.

महाराष्ट्रात ही हेटाळणी डाव्यांच्या आधीची आहे. न्या. रानडे यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापली तेव्हा उदारमत आणि नेमस्तपणा ही तिची ब्रीदे अभिमानाने जाहीर केली. पुढे जहालांच्या तोंडी ‘मवाळ’ म्हणजे भित्रा असे समीकरण झाले. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरास ठरले होते. तिथला जहालांचा जोर पाहून मवाळांनी ते सुरतेला नेले. तिथे भर मांडवात जोडा फेकला गेला आणि काँग्रेस फुटली. या भांडणात वर्गाचा प्रश्न नव्हता. तो पुढच्याच वर्षी आला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. भारतमंत्री होते जॉन मोर्ले, उदारमतवादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचे अनुयायी आणि ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनचे चरित्रकार. लेनिनने त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात या संपाचे स्वागत केले आणि मोर्ले यांच्यासारखे मायदेशातले उदारमतवादी हिंदुस्थानचा कारभार हाती आला की कसे जुलमी होतात, यावर कोरडे ओढले. डाव्यांच्या रागाचे मूळ त्या लेखात स्पष्ट दिसते : स्वातंत्र्याची तत्त्वे खरी, पण ती कोणासाठी?

या शब्दाचा सर्वांत बोलका मराठी प्रसंग १९२९ अखेरीस नागपुरात घडला. आयटकचे (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे) अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले होते. संघटनेच्या संस्थापकांपैकी एक नारायण मल्हार जोशी हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद, म्हणजे अस्सल नेमस्त परंपरेतले. आदल्या वर्षीच्या मुंबईतील प्रदीर्घ गिरणी संपात ते कम्युनिस्टांबरोबर एकाच संप समितीत होते. पण सरकारने मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या व्हिटली आयोगाचे सभासदत्व त्यांनी घेतले होते. डाव्यांच्या बहुमताने आयोगावर बहिष्काराचा ठराव केला. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. जोशींचा हिशेब साधा होता : आयोगात बसले तर कामाचे तास, अपघाताची भरपाई अशा गोष्टी कागदावर तरी येतील. डाव्यांच्या मते मीरत खटल्यात कामगार पुढाऱ्यांना तुरुंगात डांबणाऱ्या सरकारला त्याने प्रतिष्ठा मिळत होती. दोन्ही बाजूंत तथ्य होते. जोशींना मालकांचे हस्तक ठरवणे मात्र निव्वळ अन्याय होता; १९४० मध्ये दोन्ही संघटनांचे ऐक्य झाल्यावर याच जोशींकडे आयटकचे सरचिटणीसपद आले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. उघड शत्रूला कुणी ‘लिबरल’ म्हणत नाही; अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर चाललेल्याला म्हणतात. माओने १९३७ च्या एका निबंधात तर हा शब्द थेट पक्षातल्याच कार्यकर्त्यांवर वळवला. मैत्री टिकावी म्हणून चूक पाहून गप्प बसणे, तोंडावर न बोलता मागे कुजबुजणे, असे दोष त्याने ‘उदारमतवाद’ या नावाखाली मोजले. मिलशी त्याचा फारसा संबंध नाही.

१९९१ नंतर उदारीकरणामुळे शब्दाला बाजारपेठेचा वास चिकटला. वर्धा जिल्ह्यातील सेलूसारख्या कपाशीच्या तालुक्यांना बाजार खुला असावा की नसावा हा वाद ओळखीचा आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी सरकारी निर्बंधच शेतकऱ्याला लुटतात असे म्हणत आणि खुल्या व्यापाराचा पुरस्कार करत. डाव्यांना ती भांडवलदारांची भाषा वाटे. गंमत म्हणजे छातीवर लाल बिल्ला लावत ते संघटनेचे कार्यकर्ते.

अलीकडे उजव्यांनीही ‘लिबरल’ ही शिवी केली आहे. तिची पाठराखीण म्हणजे ‘पुरोगामी’ची टवाळी करणारा ‘फुरोगामी’ हा शब्द. त्यांचा आक्षेप नेमका उलट आहे : त्यांच्या लेखी लिबरल म्हणजे छुपा डावा.