पाण्याला वीज, विजेला पाणी

ऊर्जेच्या भविष्यावर आपण आयटीवाले बोलायला लागलो की गाडी साधारण तीनच स्टेशनांवर थांबते. इलेक्ट्रिक कार आत्ता घ्यावी की दोन वर्षांनी, सोसायटीच्या गच्चीवर सोलर परवडतं का, आणि ग्रीन एनर्जीचे शेअर अजून चढतील का. यात चुकीचं काही नाही. पण माझं आजोळ धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात आहे. तिथं विजेचा (तिकडच्या भाषेत 'लाईट'चा) विषय निघाला की दुसऱ्याच वाक्यात पाणी येतं. लहानपणी मला वाटायचं, हे लोक विषय बदलतायत. आता या भागाचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो तेव्हा कळलं की विषय एकच आहे.

तर या वीकेंडला तो इतिहास. थोडा लांबचा आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात जिल्ह्याबाहेरून करू. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. सह्याद्रीवर पडणारा धो धो पाऊस लोणावळ्याच्या तलावांत अडवायचा, घाटाखाली सोडायचा आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. म्हणजे महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वीज आली ती पाण्यातूनच. पण ते नशीब घाटमाथ्याचं. धाराशिव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद म्हणायचे (२०२३ मध्ये नाव अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झालं). सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस वर्षाला सरासरी ६०० ते ७५० मिलिमीटर, आणि तोही मनात आलं तर. इथं पाण्यातून वीज काढायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न उलटा होता, पाणी वर काढायला ताकद कुठून आणायची?

उत्तर होतं मोट. चामड्याची मोट, बैलांची जोडी आणि विहिरीच्या काठावरची उतरती धाव. आपल्याला आज ते चित्र रम्य वाटतं, प्रत्यक्षात बैल आणि माणूस दोघांचाही पिट्टा पडायचा. पण त्या यंत्रणेत एक गोष्ट आपोआप होती, ब्रेक. बैल दमले की उपसा थांबायचा. विहिरीचं पाणी खाली गेलं की खेप लांबायची. विहिरीत रात्रभर झरे पाझरायचे आणि सकाळी पाणी थोडं वर आलेलं असायचं. हा ब्रेक कुणी नियम करून लावला नव्हता, पण तो होता.

इथून पुढचा सगळा इतिहास मला एकेक ब्रेक निघत गेल्याचा इतिहास वाटतो.

पहिला ब्रेक ऑइल इंजिनानं काढला. इंजिन दमत नाही. पण डिझेलला पैसे पडतात, त्यामुळे दुसरा ब्रेक शिल्लक होता, तो खिशाचा. मग १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. खांब गावोगाव पोचले, शेतीपंपाला कनेक्शन मिळू लागलं. पुढे बहुतेक पंपांचं बिल मीटरवर न होता हॉर्सपॉवरवर होऊ लागलं. ५ एचपीची मोटर असेल तर अमुक रुपये, मग ती दोन तास चालवा की दहा तास. हेतू चांगला होता, मीटर वाचायचा खर्चही वाचत होता. पण याचा अर्थ असा की मोटर एकदा लावली की पुढच्या युनिटची किंमत शून्य. खिशाचा ब्रेकही गेला.

तिसरा ब्रेक भौतिकशास्त्राचा होता. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटर पाणी खेचते ती हवेच्या दाबाच्या जोरावर. पुस्तकात ती मर्यादा १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-आठ मीटर. त्याच्या खालचं पाणी काठावरून ओढताच येत नाही, मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते. १९७२च्या दुष्काळानं सगळ्यांना जमिनीच्या पोटाकडे बघायला लावलं. बोअर घेणारी रिग मशिनं आली, आणि पाठोपाठ बोअरमध्ये सोडायची सबमर्सिबल मोटर आली. ती पाणी खेचत नाही, खालून ढकलते. मग ३० फूट काय आणि ३०० फूट काय!

आता विजेची बाजू बघू. धाराशिवच्या शेजारी बीड जिल्ह्यात, परळीला, १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. मराठवाड्याच्या अभिमानाचा विषय. कोळसा बाहेरून यायचा आणि पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. कोळशाच्या केंद्राला वाफेसाठी थोडं आणि थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागतं, हे आपण कॉलेजात थर्मोडायनॅमिक्समध्ये शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. मराठवाड्याला मात्र २०१३ मध्ये त्याची आठवण झाली. त्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचं ११३० मेगावॅटचं अख्खं केंद्र बंद पडलं. २०१५ मध्ये पुन्हा तेच. कोळसा होता, टर्बाइन होती, माणसं होती, पाणी नव्हतं. पाणी उपसायला वीज हवी, वीज करायला पाणी हवं, आणि दुष्काळात दोन्ही एकदमच गायब.

साखर कारखान्यांचंही तसंच. ढोकीच्या तेरणा कारखान्यापासून रांजणीच्या नॅचरल शुगरपर्यंत या जिल्ह्यात ऊस आणि राजकारण हातात हात घालून वाढले. उसाच्या चिपाडापासून केलेल्या विजेला सहवीजनिर्मिती म्हणतात आणि सरकारी कागदावर ती 'अपारंपरिक, हरित ऊर्जा' असते. कार्बनच्या हिशेबानं बरोबरच आहे. पण महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे सुमारे २ हजार लिटर पाणी जातं, असा केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाचा हिशेब आहे. ६०० मिलिमीटरच्या मुलखात त्या चिपाडातली वीज कितपत शाश्वत म्हणायची?

मधल्या काळात राज्यानं ऊर्जेतल्या गुंतवणुकीचा एक जबरदस्त धडाही घेतला. एन्रॉन. १९९३च्या करारानं दाभोळची वीज घ्या किंवा न घ्या, ठरलेले पैसे मोजायचेच असं विद्युत मंडळाच्या गळ्यात पडलं, वर डॉलर आणि इंधन यांच्या भाववाढीचा भारही. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. इकडे मागणी वाढत राहिली, नवी निर्मिती मागे पडली. पुढची काही वर्षं भारनियमनाची, गावाकडे बारा-बारा तासांची. २००४च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये ती मागे घेतली गेली. वीज फुकट असो वा विकत, मुळात ती हवी ना!

माझं बालपण या भारनियमनातलं. शेतीला तीन फेज कधी, तर एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. दिवसा आठ तास, रात्री दहा तास. रात्री दोनला लाईट आली की माणसं बॅटरी घेऊन दारं धरायला शेतात. साप, विंचू, थंडी, जळालेली डीपी... या छळाचं समर्थन कुणीच करू नये. पण नीट बघितलं तर हाच शेवटचा ब्रेक होता. हे भारनियमन म्हणजे, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना झालेलं, भूजलाचं रेशनिंग.

आणि आता तो ब्रेकही निघतोय.

२०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. गावाच्या उपकेंद्राजवळ जमीन भाड्यानं घ्यायची (हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये), तिथं सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. उद्दिष्ट १६ हजार मेगावॅट. २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषीपंप' आलं, ज्यात शेतकऱ्यानं फक्त १० टक्के रक्कम भरायची (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के). त्याच वर्षी साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली, जिचा वर्षाचा बोजा सरकारनं १४,७६० कोटी सांगितला. सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, त्यामुळे आर्थिकदृष्ट्या हे शहाणपणाचं आहे. रात्रीची पाळी संपणं हे तर माणुसकीच्या दृष्टीनंही मोठं काम आहे.

मोठी गुंतवणूकही येतेय. बालाघाटाच्या माथ्यावर वारा चांगला. भूम, वाशी, कळंबकडे पवनचक्क्या दिसतात, कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. इथली हजार मेगावॅट अपारंपरिक वीज राष्ट्रीय ग्रिडमध्ये नेण्यासाठी कळंबच्या ४००/२२० केव्ही उपकेंद्राचं काम २०२१ मध्ये दिलं गेलं, आता ते उभं आहे. आजवर वीज बाहेरून आणणारा मुलूख ती बाहेर पाठवायला लागलाय, आणि परळीसारखं पाणी न पिता. ही साधी गोष्ट नाही. अर्थात जमिनीचे दर, दलाल, तारांखालच्या शेतांची भरपाई यावरून तंटे आहेतच. शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, त्यामागे पवनचक्की कंपनीकडून मागितलेली खंडणी असल्याचं तपास यंत्रणेचं आरोपपत्र सांगतं. स्वच्छ ऊर्जा आली म्हणून तिच्याभोवतीचा पैसा आपोआप स्वच्छ होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जमिनीखालची. मामांच्या शेतात सौरपंप बसला तेव्हा मी विचारलं, "मामा, मोटर दिवसभर चालूच ठेवता का?"

"मग काय करू रं? ऊन काय साठवून ठेवता येतंय का?"

"पण खालचं पाणी संपंल ना."

"म्या बंद ठेवली तर शेजारचा ओढंल. त्याच्याकडं बी हेच बसलंय."

गेम थिअरीचं पुस्तक न वाचता मामांनी ते दोन वाक्यांत सांगितलं. मामांचा दोष नाही, त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

थोडं गणित करू. १०० मीटर खोलीवरून (साधारण ३३० फूट) एक हजार लिटर पाणी उचलायला आदर्श स्थितीत पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. पंप आणि पाइपमधला तोटा धरून कार्यक्षमता ४० टक्के मानली, तर एका युनिटमध्ये साधारण १४०० लिटर. ५ एचपीचा पंप दिवसाला सहा तास पूर्ण ताकदीनं चालला तर २२ युनिट, म्हणजे ३० हजार लिटर. एकरभर रानाला दोन इंच पाणी द्यायचं तर २ लाख लिटर लागतात, म्हणजे आठवडा गेला. तेच पाणी १० मीटरवर असतं तर तेवढ्याच विजेत एका दिवसात काम झालं असतं, वर पाणी उरलं असतं. म्हणजे पाण्याची पातळी हीच खरी बॅटरी आहे. ती खाली जाऊ दिली की सूर्य कितीही फुकट असो, त्याची ताकद दहापट कमी होते.

शिवाय खाली आहे बेसाल्ट, काळा खडक. गंगेच्या गाळासारखा तो पाणी साठवत नाही. वरचा मुरुमाचा थर आणि खडकातल्या भेगा, एवढीच टाकी. महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा (अंमल २०१४ पासून) शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई करतो. शिवारात मात्र ५००-७०० फुटांच्या गप्पा सहज चालतात. कायद्याचा ब्रेक कागदावर आहे, गाडीला जोडलेला नाही.

मग सोलर नको का? हवंच. पण ब्रेकसकट. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६च्या सुमाराला सौरपंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी करून जास्तीची वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. ऊन हे त्यांचं एक पीक झालं, आणि तेही पाणी न लागणारं. मोटर बंद ठेवण्याचेही पैसे मिळू लागले की मामांचं उत्तर बदलेल. हिवरे बाजारनं दुसरी वाट दाखवली. शेतीला बोअर नाही, ऊस नाही आणि दरवर्षी पावसाप्रमाणे पाण्याचं अंदाजपत्रक. आपल्या धंद्यातलीही एक गोष्ट आहे. या योजनांमधल्या सौरपंपांना रिमोट मॉनिटरिंग असतं, म्हणजे कोणता पंप किती तास चालला ही माहिती कुठल्यातरी सर्व्हरवर जमा होते. ती गावाला, ग्रामसभेच्या भिंतीवर, दिसली पाहिजे. पंपाच्या कंट्रोलरवर पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवायचीही सोय करता येते. पॅनेलमधून निघणाऱ्या विजेला पाणी ओढण्याशिवाय दुसरं काम मिळालं तर निम्मं काम झालं.

आपल्यापैकी बरेच जण एसआयपीतून का होईना या ग्रीन कंपन्यांत पैसे घालतात, मीही घालतो. मेगावॅट किती, टॅरिफ किती, परतावा किती, हे सगळं प्रेझेंटेशनमध्ये असतं. यापुढे धाराशिवच्या कुठल्याही सौर योजनेचा आकडा ऐकला की मी अजून एक विचारणार आहे, तिथल्या विहिरींची पातळी मार्चमध्ये किती फुटांवर होती? त्या उत्तराशिवाय 'शाश्वत' हा शब्द मला अर्धाच वाटतो.