टीबी बरा झाला, तरी दम का लागतो? फुप्फुसांचं पुनर्वसन म्हणजे काय?

६ महिन्यांच्या गोळ्या संपल्या, थुंकीत जंतू सापडले नाहीत, कागदोपत्री रुग्ण बरा झाला. तरी कापसाचं गाठोडं उचललं की धाप लागते. बुलढाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीसारख्या शेती-मजुरीवर चालणाऱ्या गावात अशी धाप म्हणजे बुडालेला रोज. त्यात केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १००० रुपयेही उपचार चालू असेपर्यंतच मिळतात.

टीबीचे जंतू औषधाने मरतात, पण त्यांनी केलेलं नुकसान मागे राहतं. कुठे फुप्फुसात पोकळी पडलेली असते, कुठे व्रण राहून भाग आकसलेला असतो, कुठे श्वासनलिका रुंदावून त्यात कफ साचतो. एक्स-रेवरचा डाग तर अनेकदा कायमचा असतो. त्यामुळे डाग दिसला किंवा दम लागला म्हणजे टीबी उलटलाच, असं नाही. ते थुंकीच्या तपासणीतून ठरवायचं असतं. नुसत्या डागावरून पुन्हा गोळ्या सुरू करणं चुकीचं ठरू शकतं.

आराम की व्यायाम?

घरचे म्हणतात, 'आता काही करू नको, पडून राहा.' माया खरी, पण सल्ला उलटा. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू कमजोर होतात आणि कमजोर स्नायूंना त्याच कामासाठी जास्त श्वास लागतो. मग आणखी कमी कामात धाप लागते. फुप्फुसांचं पुनर्वसन हे चक्र तोडतं. पोकळी त्याने भरून येत नाही. आहे त्या फुप्फुसांवर जास्त काम करता येऊ लागतं, एवढाच त्याचा दावा आहे आणि तो छोटा नाही.

युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात टीबीनंतरच्या रुग्णांना ६ आठवडे, आठवड्यातून दोनदा असे व्यायाम दिले गेले. त्यांचं चालण्याचं अंतर वाढलं. ही माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे युगांडासह काही देशांत फुप्फुसांच्या पुनर्वसनावर काम करणाऱ्या 'ग्लोबल रिचार्ज' या संशोधन गटात पुण्याचं चेस्ट रिसर्च फाउंडेशनही सहभागी झालं.

नेमकं काय करतात?

आधी तपासणी होते. ६ मिनिटांत किती अंतर चालता येतं आणि चालताना बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा किती उतरतो, ते पाहतात. मग चालण्याचा व्यायाम ठरतो. वेग इतकाच की दम लागावा, पण चालता चालता एखादं वाक्य बोलता यावं. पायांसाठी खुर्चीवरून उठ-बस आणि हातांसाठी पाण्याने भरलेली १ लिटरची बाटली, म्हणजे साधारण १ किलोचं वजन. नाकाने श्वास घेऊन, गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठ आवळून सावकाश सोडायचा. कफ साचत असेल तर तो बाहेर काढण्याची पद्धत शिकवतात. सोबत आहार आणि बिडी-तंबाखू सोडणं आलंच. चुलीचा धूर आणि कापसाची धूळ जमेल तितकी टाळायची.

यातल्या कशालाच महागडं यंत्र लागत नाही. अडचण शिकवणाऱ्या माणसाची आहे. वडनेरहून आठवड्यातून दोनदा खामगाव ओलांडून अकोल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जायचं, तर दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. म्हणून एकदा नीट तपासणी करून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकायचा आणि पुढे घरी करायचा, हा मार्ग जास्त जमण्यासारखा आहे. बुलढाण्यातही आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय.

उपचार संपताना प्रत्येक रुग्णाची फुप्फुसं तपासावीत, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत म्हटलंय. शेवटची गोळी घेताना डॉक्टरांना तेवढं जरूर विचारा. आपल्याकडच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात उपचारानंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पाहणी ठरलेली आहे. ती चुकवू नका. मधल्या काळात खोकल्यातून रक्त पडलं, ताप आला, वजन उतरू लागलं किंवा बसल्या जागी ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.