माशी, शिस्त आणि भीती

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे एका भाषेतून दुसरीत आलेले शब्द मला रोज भेटतात. 'शिस्त' हा त्यातला एक. वर्गात त्याचा अर्थ रांगेत उभं राहणं. पण हा शब्द फारसीतल्या 'शस्त'वरून आला, आणि जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, ज्यावरून नेम धरायचा, त्याला मराठीत 'माशी' म्हणतात, उर्दूत 'मक्खी'. बंदूक, तोफ, तमंचा हे शब्द अरबी-फारसी-तुर्कीतून आले. पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगीजांकडून. हत्यारं जशी आली, तसे शब्द आले.

हे आठवायचं कारण म्हणजे खारदांड्यात आणि आसपास मुलं मला अधूनमधून विचारतात, "सर, घरात संरक्षणासाठी एखादं पिस्तूल असावं का? कुठलं असावं?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. त्यामागे भीती आहे आणि भीतीला इतिहास आहे.

हत्यार निवडण्याचा प्रश्न दख्खनला नवा नाही. अठराव्या शतकात इथे दोन प्रकारच्या बंदुका समोरासमोर होत्या. एक देशी तोडेदार. तिला जळता तोडा लावून बार काढावा लागे. पावसात आणि दमट हवेत तोडा विझे, भरायला वेळ लागे. पण नळी लांब, पुढे माशी आणि मागे खाच, त्यामुळे सावकाश नेम धरणाऱ्याच्या हातात ती अचूक चाले. दुसरी फिरंगी चापाची, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी. आपल्याकडे तिला पथरकला म्हणत. ती झटपट भरता येई, पण तिच्यावर नीट माशी-खाच नसेच. संगीन अडकवायची खुंटी तेवढी टोकाला असे. कारण एकेकाने नेम धरायचाच नव्हता. शेकडो जणांनी रांगेत उभं राहून हुकुमासरशी एकदम बार काढायचा. म्हणजे एका बंदुकीत शिस्त नळीवर होती, दुसरीत माणसांच्या रांगेत.

ही दुसरी शिस्त मराठी फौजेत ठळकपणे आणणारा सरदार म्हणजे इब्राहिमखान गारदी. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, आधी निजामाकडे, मग सदाशिवरावभाऊंकडे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. शेवटी तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. आपल्या मुलांना ही गोष्ट माहीत असावी. एक मुसलमान सरदार मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत उभा राहिला, एवढ्यासाठीच नाही. त्याचं बळ बंदुकीपेक्षा कवायतीत होतं, यासाठीही.

नंतर हत्यार कुणी बाळगायचं हे कायदा ठरवू लागला. 1857 च्या उठावानंतर लोकांना निःशस्त्र करणं सुरू झालं आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना मात्र सूट. हा भेद अपमानाचा होता, म्हणून काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. 1931 च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये धरला होता. पण 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. संविधानात सभेचा हक्क आला तो 'शांततेने आणि विनाशस्त्र' या शब्दांसह. 1959 चा कायदा परवाना सगळ्यांना लावतो. म्हणजे स्वतंत्र भारताने हत्यार हा हक्क मानला नाही, जबाबदारीची परवानगी मानली.

आता आपल्या शेजारची गोष्ट. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलीत मुंबईत 900 माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. त्या दिवसांत खारदांड्यापासून चालत जाण्याइतक्या पाली हिलवर अभिनेते संजय दत्त यांच्याकडे एके-56 रायफल आली, आणि 9 मि.मी. पिस्तूलही त्यांच्याकडे होतं. कुटुंबाच्या जिवाच्या भीतीने ठेवली, असा त्यांचा खुलासा होता. कटाच्या आरोपातून ते सुटले, पण शस्त्र कायद्याखाली 2007 मध्ये टाडा न्यायालयाने सहा वर्षं आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षं शिक्षा दिली. 2016 मध्ये ते येरवड्यातून बाहेर आले. घरी पैसा, नाव, वकील, वडील खासदार, तरी वीस-बावीस वर्षं त्या हत्याराने खाल्ली. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, आणि ज्याच्या नावावरूनच संशय घेतला जातो, अशा आपल्या मुलाचं काय होईल, हे मी सांगायला नको.

तरीही प्रश्न विचारलाच आहे, तर उत्तर देतो. कायदेशीर मार्ग एकच: मुंबईत पोलीस आयुक्तांचा परवाना. वय 21 पूर्ण हवं, जिवाला धोका का आहे ते पटवावं लागतं, चारित्र्याची चौकशी होते, आणि 2016 च्या नियमांनुसार सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारं. 9 मि.मी. सारखी बोअर सामान्य माणसासाठी निषिद्ध वर्गात. म्हणून नवख्याकडे बहुधा .32 चं रिव्हॉल्व्हर येतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेलं 'निर्भीक' याच बोअरचं, साधारण अर्धा किलो वजनाचं आणि तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं.

रिव्हॉल्व्हर नवख्याला सोपं का? एक काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. पण नेमाचं गणित कठीण आहे. माशी आणि खाच यांतलं अंतर दहा सेंटिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर हलली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर चुकते. लांब नळीच्या तोडेदारवर हे अंतर मीटरभर असेल, तर चूक एकच सेंटिमीटर. शिवाय डोळा एकाच वेळी खाच, माशी आणि माणूस तिन्ही स्पष्ट पाहू शकत नाही. नेमबाज शिकतात ते माशी स्पष्ट ठेवायला, समोरचा थोडा अंधुक दिसला तरी चालेल. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. आणि दंगलीत, चाळीच्या अरुंद बोळात, अंधारात, त्या अंधुक आकृतीत शेजारचं पोरही असू शकतं.

कायदाही हेच विचारतो. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही. आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्क उरत नाही.

म्हणून मुलांना माझं सांगणं एवढंच आहे. परवान्याशिवायचं हत्यार कुणी ठेवायला दिलं, अगदी एका रात्रीपुरतं, तरी हात लावू नका. धोका खरा असेल तर लेखी तक्रार द्या, त्याची पोच घ्या, मोहल्ला कमिटीतल्या मोठ्यांना सोबत न्या, शेजारच्या कोळीवाड्यातल्या ओळखी जपा. 1993 मध्ये अनेक वस्त्या वाचल्या त्या रात्रभर एकत्र जागलेल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांमुळे. गारद्यांची रांग पुस्तकात वाचा. आपली रांग गल्लीच्या तोंडाशी, रिकाम्या हातांनी उभी राहते.