जंगमाची किंमत, स्थावराचे उत्पन्न

हुकूमनाम्याची दरखास्त चालली की बेलिफ जंगम मालमत्ता उचलून ताब्यात घेतो. जमिनीवर मात्र मनाई हुकूम लागतो आणि दवंडी पिटली जाते. या दोन वाटा फार जुन्या आहेत.

रोमन कायदेपंडित उल्पियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी जप्तीचा क्रम सांगितला आहे : आधी जंगम वस्तू आणि जनावरे विकावीत, त्यात भागले नाही तरच जमिनीला हात लावावा.

मोजमापाचा फरक इंग्लंडच्या 1285 च्या कायद्यात ठळक दिसतो. पहिल्या एडवर्डच्या या कायद्याने धनकोला नांगराची जनावरे वगळून ऋणकोची चीजवस्तू आणि निम्मी जमीन मागता येई. वस्तू वाजवी किंमत ठरवून त्याच्या पदरात पडत. जमिनीचे मात्र वार्षिक उत्पन्न काढत आणि त्यातून कर्ज फिटेपर्यंत ती त्याच्या ताब्यात देत. जमिनीला सरंजामी चाकरी जखडलेली असल्याने ती सरसकट बाजारात काढणे राज्यव्यवस्थेला परवडणारे नव्हते.

दख्खनेत ब्रिटिश अमलात सावकाराच्या कर्जापोटी शेत थेट लिलावात जाऊ लागले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांचा राग सावकारांच्या दस्तऐवजांवर निघाला. पुढे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगरसाठी आला. खास गहाण नसलेली शेतकऱ्याची जमीन विकायला त्याने मनाई केली; कलेक्टरने ती जास्तीत जास्त सात वर्षे ताब्यात घेऊन उत्पन्नातून देणे भागवण्याची सोय ठेवली. सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा हिशेब असा दख्खनेत अवतरला.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जमीन विकली जाते, पण सबुरीने. जंगमाचे पैसे लिलावातच भरायचे आणि प्रक्रियेत चूक झाली तरी विक्री टिकते. स्थावरासाठी बोलीच्या 25 टक्के लगेच, बाकी 15 दिवसांत. प्रक्रियेतली गंभीर चूक किंवा लबाडी आणि त्यातून झालेले भरीव नुकसान सिद्ध झाले तर विक्री रद्द होते. शेतसारा लागू असलेली जमीन असेल तर विक्रीच्या जाहीरनाम्यात साऱ्याचा आकडाही द्यावा लागतो. 1976 च्या दुरुस्तीनंतर कोर्टाने किमतीचा स्वतःचा अंदाज लिहिण्याची सक्ती राहिली नाही. पक्षकारांनी आकडे दिले तर ते मात्र जाहीरनाम्यात घालावेच लागतात. म्हणजे जमीन गमावू पाहणाऱ्या ऋणकोलाही तिची किंमत काय, हे बोली सुरू होण्याआधीच लेखी मांडता येते.