गाडीत जाण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत तीन आठवडे एक पाहुणा होता. लोखंडी घोडीवर बसवलेला, अंगावर जुनी चादर पांघरलेला. घरी येणारा प्रत्येक जण विचारी, "हे काय?" मी सांगे, "गाडीचे इंजिन." मग दुसरा प्रश्न ठरलेला: "दुरुस्त झालेय ना? मग गाडीत का नाही बसवत?" या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मला १९६१ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या आजोबांनी फोक्सवॅगन बीटल घेतली. पोर्तुगालात या गाडीला 'कारोशा' म्हणत, म्हणजे भुंगाच. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला तयार झालेली ही गाडी बोटीने मुरगावला उतरली. आज हे वाचताना नवल वाटेल, पण त्या काळात गोव्यात परदेशी गाडी घेणे भारतापेक्षा सोपे होते. भारतात फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास आपले गाशे गुंडाळले होते आणि आयात जवळजवळ बंद होती. इकडे गोव्याची भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली. त्यामुळे माल यायचा तो समुद्रातून, आणि यायचा तो युरोपातून. आणखी एक गंमत. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याच्या उजवीकडून गाड्या चालवायला सुरुवात केली, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्यामुळे गोवा डावीकडेच राहिला. म्हणून आमच्या कारोशाचे चाक उजव्या बाजूला आहे. पुढे गोवा भारतात आला तेव्हा निदान तेवढे तरी बदलावे लागले नाही!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आमच्या घरात त्या दिवशी काय आनंद होता तो वडिलांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकला आहे. पण त्याच दिवशी गोव्यातल्या या साऱ्या गाड्या पोरक्या झाल्या, हे कोणाच्या ध्यानात आले नसेल. आता त्या ज्या देशात होत्या, तिथे त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते.

आजोबांची एक वही आहे. पहिली पाने पोर्तुगेजमध्ये. तारीख, किलोमीटर, तेल बदलले, प्लग साफ केले. १९६२ पासून तीच माहिती मराठीत, मोडी वळणाच्या अक्षरात. त्या मराठी पानांवर एक नवीच नोंद दिसू लागते: कोणता भाग कोणी आणला. पिस्टनच्या रिंगा एका तारवट्याने ट्रंकेतून आणल्या. क्लचची प्लेट आफ्रिकेतल्या नातेवाईकाने पाठवली. व्हॉल्व्ह आले ते कोणा पाहुण्याच्या कपड्यांच्या घडीत. एकेक भाग असा वर्षा-दोन वर्षांनी यायचा. तो वाया गेला तर पुन्हा तेवढी वाट पाहायची.

वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याची त्या काळी एक सुरेख सोय होती. झिजलेले इंजिन द्यायचे आणि कारखान्यात नव्यासारखे केलेले, तपासलेले दुसरे इंजिन घ्यायचे. युरोपातल्या गाडीवाल्याला इंजिन उघडून पाहण्याची गरजच नव्हती. आमच्या म्हापशा-मडगावच्या मिस्त्रींना ही सोय कुठली? एकच इंजिन, तेच उघडायचे, तेच जोडायचे. कारखाना तेच आणि तपासनीसही तेच. म्हणून इंजिन गाडीत चढवण्याआधी पुन्हा पुन्हा पाहण्याची शिस्त त्यांच्या अंगात भिनली, असे मला वाटते.

ही शिस्त मोडल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी हे इंजिन मी गोव्याबाहेरच्या एका शहरात दुरुस्तीला दिले. मोठे वर्कशॉप, चकचकीत फरशी. दुपारी इंजिन तयार झाले, संध्याकाळी गाडीत बसले. मीही खूश, कारण मला घाई होती. आठवड्याभरात अनमोड घाट चढताना ऑइलचा दिवा लागला, आणि मी गाडी थांबवेपर्यंत आतून ठोके ऐकू येऊ लागले. उघडल्यावर कळले ते असे. या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, आणि ते दोन अर्ध्या भागांत असते. मध्ये क्रँकशाफ्टची बेअरिंगे. प्रत्येक बेअरिंग एका छोट्या पिनेवर नेमके बसावे लागते. एक बेअरिंग पिनेवर न बसताच दोन्ही भाग आवळले गेले होते. बेअरिंगचे तेलाचे भोक झाकले गेले, आणि कवचाची आतली बैठकही खराब झाली.

ती बैठक खरवडून मोठी करता येते, मग जाड बेअरिंग घालायचे. पण दर वेळी धातू कमी होतो. आता ते एकदा झाले आहे. पुन्हा तसेच काही घडले तर आजोबांच्या गाडीचे मूळ कवच, त्यावरच्या मूळ क्रमांकासह, भंगारात जाणार. वडील आता चौऱ्याऐंशीचे. "आणखी एकदा पणजीपर्यंत" एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या वेळी काम केले फोंड्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. इंजिन जोडून झाल्यावर मी विचारले, "कधी बसवूया?" तो म्हणाला, "बाब, इंजीन गाडयेंत गेलें म्हणटकच लिपलें. आतांच पळयात." एकदा गाडीत गेले की लपले, काय पाहायचे ते आत्ताच पाहा. आणि इंजिन माझ्या पडवीत आणून ठेवले, मी जवळ असावे म्हणून!

मग रोज संध्याकाळी तो यायचा. कवच आवळताना प्रत्येक नटाबरोबर तो क्रँकशाफ्ट हाताने फिरवत असे. कुठे जड लागला की थांबायचे आणि पुन्हा उघडायचे. हे त्याने आधीच केले होते, तरी माझ्या हाताने पुन्हा फिरवून दाखवले. कॅमशाफ्टच्या चाकावरची शून्याची खूण क्रँकच्या चाकावरच्या दोन ठिपक्यांमध्ये आहे, हे त्याने कवच मिटण्यापूर्वी मोबाइलवर टिपून ठेवले होते. वयाच्या मानाने माणूस आधुनिक! डिस्ट्रिब्युटर फिरवणारा छोटा दांडा उलटा बसू शकतो, त्याच्याखालची चकती आत पडून राहू शकते. तेही पाहिले.

चौथ्या दिवशी त्याने फ्लायव्हीलला डायल गेज लावले. क्रँकशाफ्ट पुढे-मागे किती सरकतो ते मोजायचे. या इंजिनाला ते ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावे लागते. फ्लायव्हीलमागे तीन पातळ चकत्या घालून, ज्यांना शिम म्हणतात, ते जमवतात. काटा ०.०४ वर थांबला. त्याने पुन्हा मोजले. ०.०४. हाताने फिरवताना इंजिन अगदी मोकळे होते. पण गरम झाल्यावर धातू फुगतो, आणि ही जागा उरली नसती.

म्हाताऱ्याने चादरीवर बसून चष्मा पुसला. मग फ्लायव्हीलचा मोठा नट काढला. तो आवळायला एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला तीस किलो वजन द्यावे एवढा जोर लागतो, काढायला त्याहूनही जास्त. तिन्ही शिम मायक्रोमीटरने मोजले. एक ०.३० चा हवा होता, तो ०.३६ चा निघाला. डब्यात दोन्ही शेजारी होते. "ही म्हजी चूक," तो म्हणाला, आणि दुसरा शिम शोधायला लागला. बस्स. ना सबब, ना लाज. नवा शिम घातल्यावर काटा ०.१० वर आला.

मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. हाच माणूस घाईत असता, किंवा मी घाईत असतो, तर?

शेवटची परीक्षा चालवून पाहण्याची. हे इंजिन हवेने थंड होते, रेडिएटर नाही, म्हणून ते गाडीबाहेर चालवणे सोपे. भंगारातल्या एका गिअरबॉक्सचे तोंड आणि स्टार्टर घोडीला जोडला. पंख्याचे घर आणि सगळे पत्रे मात्र चढवलेच पाहिजेत, नाहीतर हवा सिलिंडरांवरून फिरणार नाही आणि काही मिनिटांत इंजिन भाजून निघेल. तिसऱ्या सिलिंडरला तर जरा जास्तच धोका, कारण ऑइल कूलर नेमका त्याच्या हवेच्या वाटेत उभा. आधी प्लग काढून, ऑइलचे प्रेशर चढेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवले. दिव्याच्या भरवशावर न राहता तिथे प्रेशरचा गेज लावला होता. मग प्लग घालून चालू केले. कॅमशाफ्ट नवा, म्हणून वीस मिनिटे दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर ठेवले. तेल तापल्यावर अडीच हजार फेऱ्यांना निदान २८ पौंड प्रेशर हवे. काटा त्याच्या वर राहिला. नंतर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले, जवळजवळ सारखे. खाली पुठ्ठा पसरला होता, त्यावर सकाळपर्यंत तेलाचा एक थेंब नाही.

आवाज ऐकून वडील खुर्ची ओढून जवळ बसले होते. काही बोलले नाहीत. त्यांच्या मानेने हलकासा ठेका धरला होता, एवढेच.

गाडीत इंजिन बसवायला चार बोल्ट लागतात. तीन आठवड्यांच्या तपासणीनंतर ते काम तासाभरात आटोपले. पणजीला जाऊन आलो, मांडवीच्या काठाने सावकाश. परत आल्यावर वडिलांनी आजोबांची वही मागितली आणि कापऱ्या अक्षरात लिहिले: तारीख, किलोमीटर, तेल अडीच लिटर. त्याखाली एक ओळ मी सांगून घालून घेतली: शिम बदलला, ०.३६ चा काढून ०.३० चा घातला.

चूक वहीत कशाला, असे त्यांनी विचारले. म्हटले, पुढे जो कोणी हे इंजिन उघडेल त्याला कळू दे की आम्ही आधी पाहिले होते.