फोटोसाठी हलू नये!

फोटोसाठी न हलता उभं राहणं अंबरनाथच्या शिवमंदिराकडून शिकावं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० पासून स्वारी एकाच पोझमध्ये! १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी तिथं गेली. त्यांनी कोरीवकामाचे साचे घेतले, चित्रं काढली, फोटोही काढले. त्या काळी काच रसायनानं ओली असेतोच फोटो काढून धुवावा लागे, आणि समोरच्यानं काही सेकंद तरी हलायचं नाही. दगड थांबला, वालधुनीवरचं धुकं कसलं थांबतंय! आजही पौषातल्या सकाळी मी कॅमेरा रोखेपर्यंत ते फास्ट लोकल पकडून पसार. झिजणारी नक्षीसुद्धा निघालीच आहे म्हणा; फक्त ती पॅसेंजरनं चाललीय. म्हणून धुकं विरल्यावर एक फोटो मी तिचाही काढून ठेवतो.