शिळे कोणी खायचे, हे ठरवते कोण?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका मोठ्या दुकानाची माणसे बिस्किटे, ब्रेड आणि ज्यूसची खोकी घेऊन आली. मागे बॅनर लागला, मुलांना रांगेत उभे केले गेले, फोटो निघाले. दहावीतल्या एका मुलीने पुड्यावरची तारीख वाचली आणि विचारले, "सर, ही तर परवाच संपली. चांगलं आहे तर दुकानातच का नाही विकलं?" साहेब हसले. म्हणाले, "अगं बाळ, तारीख उलटली म्हणजे लगेच विष होत नाही. फेकून देण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात गेलेलं बरं."

आम्ही खोकी परत दिली. त्यावरून वस्तीत दोन दिवस वाद झाला. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "तुमचा स्वाभिमान तुमच्यापाशी. माझ्या नातवाला बिस्कीट कोण देणार?" मावशींचा प्रश्न खरा आहे. तो आजचा नाही, आणि आपल्या चळवळीने तो याआधी एकदा सोडवला आहे, म्हणून हा लेख.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि शिळे तुकडे सोडा असे सांगितले. चवदार तळ्याचे पाणी सगळ्यांच्या लक्षात राहिले, हे आवाहन मात्र आपण पुस्तकात ठेवून दिले. वास्तविक गावात खळबळ उडाली ती यावरून. महारांनी मेलेली ढोरे ओढणे थांबवले तेव्हा गावोगावी बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. आणि तेव्हाही एक 'हिशेबी' युक्तिवाद पुढे आला होता. गावात वर्षाला इतकी जनावरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे यांचे इतके पैसे होतात, ते सोडून महार आपलेच नुकसान करून घेत आहेत, अशी आकडेमोड 'केसरी'तून छापली गेली. धर्मांतरानंतर दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही गोष्ट आवर्जून सांगितली. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या. ढोर ओढा, मांस खा, नफा तुमचा. तो नफा घ्यायला कोणी पुढे आले नाही.

साहेबांचे "फेकून देण्यापेक्षा" हे वाक्य आम्हाला त्या आकडेमोडीचे नातवंड वाटते.

पण केवळ नकार हा बाबासाहेबांचा कार्यक्रम नव्हता. येसकराच्या पाळीला असलेला महार दिवसभर गावाची आणि सरकारची कामे करी आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी गोळा करी. कामाचा मोबदला असा की तो मागावा लागे. देणाऱ्याची मर्जी असेल तर ताजी, नाहीतर कालची. कमी दिली तर दाद मागायला जागा नाही. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यातली एक प्रमुख कल्पना बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करण्याची होती. भाकरी नको, पैसा द्या, आणि तो सरकारी वसुलीतून द्या. विधेयकाची इतकी मोडतोड झाली की १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

भाकरी आणि रोख पैसा यांतला हा फरक धरून आता युरोपातल्या सुपरमार्केटकडे पाहू, कारण उरलेल्या अन्नाचे कायदे तिथे आधी झाले आणि आपल्याकडच्या कंपन्या त्यांचेच कौतुक सांगत येतात.

फ्रान्समध्ये काही दुकाने फेकलेल्या अन्नावर ब्लीच ओतत, म्हणजे कचरापेटीतूनही कोणी घेऊ नये. फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना खाण्याजोगे अन्न नासवण्यास बंदी केली आणि धर्मादाय संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. अन्न नासवल्यास तेव्हा ३,७५० युरो दंड ठेवला होता. पाऊल चांगलेच आहे. पण करार दुकान आणि संस्था यांच्यात झाला. खाणाऱ्याला त्यात काही हक्क मिळाला का? नाही. तो रांगेतच राहिला.

जर्मनीची गोष्ट तर अधिक बोलकी. म्युनिकजवळच्या ओल्शिंगमध्ये दोन विद्यार्थिनींनी २०१८ मध्ये एका सुपरमार्केटच्या कुलूपबंद कचरापेटीतून अन्न काढले. चोरीचा गुन्हा सिद्ध झाला. २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही तो कायम ठेवला. कचऱ्यात टाकले तरी मालकी दुकानाची! आपल्या गावात मेलेले ढोर *न* उचलणे हा गुन्हा होता, तिथे टाकलेला ब्रेड उचलणे हा गुन्हा ठरला. वरवर उलट दिसते, पण दोन्हीकडे ठरवणारा एकच. ज्याचा माल तो.

अमेरिकेने १९९६ मध्ये बिल इमर्सन कायदा करून सद्भावनेने अन्न दान करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिले. दाते घाबरू नयेत हा हेतू समजतो. परंतु याचा अर्थ असाही होतो की तोच डबा विकत घेणारा कोर्टात जाऊ शकतो, दानात घेणाऱ्याला ती वाट जवळपास बंद. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायद्यातला ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा. फुकट घेतलेल्या पुड्यासाठी तुम्ही ग्राहक नाही, लाभार्थी आहात.

म्हणून मुदत जवळ आलेल्या मालावरच्या सवलतीला आमचा विरोध नाही, उलट आग्रह आहे. तीस टक्के असो वा निम्मी, किंमत मोजली की बिल मिळते आणि बिलासोबत तक्रारीचा अधिकार येतो. साहेबांचे एक म्हणणे मात्र मान्य करू: 'बेस्ट बिफोर' ही चव आणि दर्जाची तारीख असते, ती उलटल्यावर बिस्कीट विषारी होतेच असे नाही. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' उलटलेले मात्र खायचे नाही. हा फरक प्रत्येक अभ्यासिकेत शिकवला पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरात एफएसएसएआयने ऑनलाइन कंपन्यांना सांगितले की ग्राहकाच्या हाती माल पडेल तेव्हा त्याची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी. घरपोच मागवणाऱ्याची एवढी काळजी, आणि वस्तीतल्या पोराला परवा संपलेला पुडा!

पृथ्वीचे नावही यात घेतले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात किरकोळ दुकानांचा वाटा १२ टक्के. हा ढीग मागणीपेक्षा जास्त माल भरल्याने, शेल्फ रात्रीपर्यंत गच्च दिसले पाहिजे या हट्टाने होतो. तो गरिबाने खाऊन संपवावा, ही जबाबदारी आमच्या मुलांवर कोणी टाकली?

मावशींना आम्ही हे सगळे सांगितले. त्यांनी अर्धे ऐकले आणि विचारले, "मग स्वस्त मिळतं कुठं, ते सांगा." त्या आठवड्यात रात्री साडेनऊला आम्ही पाचजण त्यांच्यासोबत त्याच दुकानात गेलो. दोन दिवस मुदत उरलेला ब्रेड अर्ध्या किमतीत होता. मावशींनी दोन घेतले. घरी उघडल्यावर एकाला बुरशी निघाली. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बिल घेऊन काउंटरवर गेल्या आणि ताजा ब्रेड बदलून घेऊन आल्या.